मोटारींतील वाटाड्या

पुणें, सदाशिव पेठ येथील एका वाचक भगिनीचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें आहे. त्यांचे यजमान एकाहत्तर वर्षांचे असून नोकरींतून निवृत्त झालेले आहेत. दर वर्षीं नवरात्रांत हीं उभयतां स्वतःच्या मोटारीनें गुहागरास व्याडेश्वराच्या दर्शनास जातात. परदेशीं असलेल्या चिरंजिवांनीं या खेपेस वडिलांसाठीं मोटारीच्या कांचेस चिकटवावयाचें, उपग्रहांच्या साह्यानें रस्ता दाखविणारें एक लहानसें यंत्र पाठविलें आहे. भगिनी विचारतात : "या यंत्रावर विसंबून रात्रीं-बेरात्रीं घाट उतरावा काय? घरांत फोन असतांना या दुसऱ्या डब्याचें प्रयोजन काय? आणि आजवर दगड वाचून रस्ता सांगण्याचें काम माझें असे, तें आतां याचें झालें, तर मीं शेजारीं बसून करावें काय?" पत्राखालीं ताजा कलम आहे : "गेल्या वर्षीं उंब्रजचा फांटा भर दुपारीं मागें पडला, आणि कऱ्हाड आलें तरी ह्यांच्या तें ध्यानांत आलें नाहीं. एरवीं प्रकृति उत्तम आहे."

हा ताजा कलम आम्हांस मूळ पत्राहून अधिक महत्त्वाचा वाटतो. परंतु त्याकडे वळण्यापूर्वीं यंत्राचा विचार करूं. कारण असें यंत्र हल्लीं बऱ्याच घरांत मुलांकडून भेट म्हणून येतें, आणि तें कपाटांत पडून राहतें किंवा त्यावर नको तितका विश्वास टाकला जातो.

यंत्र करतें काय? पुष्कळांची समजूत अशी कीं, यंत्र उपग्रहास "मी कोठें आहें?" असें विचारतें व उपग्रह उत्तर देतो. प्रकार नेमका उलट आहे. या यंत्रास कान आहेत, तोंड नाहीं. पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे तीसएक उपग्रह फिरत असतात, आणि त्यांतील प्रत्येकजण अखंड दोनच गोष्टी उच्चारीत असतो : आतां किती वाजले, आणि मी कोठें आहें. यंत्र तें ऐकतें, निरोप निघाल्याची वेळ व पोंचल्याची वेळ यांतील फरक काढतें, आणि त्यावरून तो उपग्रह आपल्यापासून किती दूर आहे याचा हिशेब करतें. वळवाच्या पावसांत वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत आंकडे मोजून, तीन सेकंदांस एक किलोमीटर या हिशेबानें वीज किती लांब पडली तें सांगणारें एखादें वडील माणूस कोंकणांतल्या प्रत्येक घरीं असतें. रीत तीच आहे. भेद इतकाच कीं, येथें आवाजाच्या जागीं रेडिओची लहर आहे, व ती प्रकाशाच्या वेगानें येते. म्हणून वेळ मोजण्यांत सेकंदाच्या दहा लक्षांश भागाची चूक झाली, तर स्थळांत तीनशें मीटरांची चूक होते. इतकीं अचूक अणुघड्याळें उपग्रहांत बसविलेलीं आहेत. मोटारींतल्या डब्यांत तीं बसविणें परवडणारें नाहीं. यामुळें जें काम तीन उपग्रहांनीं भागावें त्यास चार लागतात. चौथ्याच्या साह्यानें यंत्र आपल्या स्वस्त घड्याळाची चूक आपणच शोधून काढतें.

येथें एक गमतीची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. आइन्स्टाईनच्या सापेक्षतावादाप्रमाणें उपग्रहांतील घड्याळ जमिनीवरील घड्याळापेक्षां दररोज सुमारें ३८ मायक्रोसेकंद पुढें जातें. हा फरक हिशेबांत धरला नाहीं, तर एका दिवसांत स्थळाची चूक दहा किलोमीटरांच्या वर जाईल. ज्या सिद्धान्ताचा संसारांत कधीं उपयोग व्हावयाचा नाहीं असें आमच्या पिढीस कॉलेजांत वाटत असे, त्याच्यावांचून आज चिपळूणचा फांटा सांपडत नाहीं.

उपग्रह आपलें पंचांगही सांगत असतो, आणि ही गोष्ट व्यवहाराच्या दृष्टीनें फार उपयोगी आहे. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या मार्गाचा बारीक तपशील दर तीस सेकंदांनीं उच्चारतो. सर्व उपग्रहांचें ढोबळ पंचांग मात्र पुरें होण्यास साडेबारा मिनिटें लागतात. बारीक तपशील तासां-दोन तासांनीं बदलतो. एका नवरात्रापासून दुसऱ्या नवरात्रापर्यंत कपाटांत ठेवलेलें यंत्र बाहेर काढून, गाडी चालूं करून, "हें बंद पडलें" असें म्हणत त्यास परत खोक्यांत घालणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. तें बंद पडलेलें नसतें. त्याच्याजवळचें पंचांग शिळें झालेलें असतें. त्यास उघड्या आकाशाखालीं, झाडाच्या किंवा गॅलरीच्या छायेंत नव्हे, पंधरा-वीस मिनिटें स्वस्थ ठेवलें म्हणजे तें आपलें ठिकाण ओळखतें.

जुनें यंत्र कोणी स्वस्तांत देऊं लागल्यास आणखी एक खबरदारी घ्यावी. या व्यवस्थेंतील कालगणना आठवड्यांची आहे, आणि १०२४ आठवडे भरले कीं मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. आपल्या साठ संवत्सरांच्या चक्रासारखाच हा प्रकार आहे. १९९९ च्या ऑगस्टांत पहिलें चक्र संपलें, २०१९ च्या एप्रिलांत दुसरें. त्या दुसऱ्या वेळीं कांहीं जुन्या यंत्रांची बुद्धि चळली व तीं वीस वर्षांपूर्वींची तारीख दाखवूं लागलीं. तेव्हां विकत घेण्यापूर्वीं तारीख पाहावी. तेवढी एक परीक्षा कोणासही करतां येण्याजोगी आहे.

ही सारी व्यवस्था मूळची लष्करी. अमेरिकेनें तिचा संकल्प १९७३ सालीं केला व पहिला उपग्रह १९७८ सालीं सोडला. सामान्य माणसाच्या वांट्यास ती आली ती एका भयंकर अपघातानंतर. १९८३ च्या १ सप्टेंबरास कोरियाचें एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएट हद्दींत शिरलें व तें पाडण्यांत आलें. २६९ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यानंतर अध्यक्ष रीगन यांच्या सरकारनें ही सेवा तयार होतांच सर्व जगास खुली करण्याचें जाहीर केलें. १९९५ सालीं ती पूर्ण झाली खरी, परंतु नागरिकांस मिळणाऱ्या संदेशांत मुद्दाम घोळ घातला जात असे, आणि त्यामुळें शंभर मीटरांपर्यंत चूक येई. सपाट मैदानांत शंभर मीटर म्हणजे कांहीं नव्हे. घाटांत शंभर मीटर म्हणजे दरी. २ मे २००० रोजीं हा घोळ बंद करण्यांत आला, आणि मोटारींतील यंत्राचा खरा जन्म त्या दिवशीं झाला असें म्हणण्यास हरकत नाहीं. अमेरिकेंतील गार्मिन ही कंपनी १९८९ पासूनची. गॅरी बरेल व मिन काओ या दोन संस्थापकांच्या नांवांचीं आद्याक्षरें जुळवून तिचें नांव झालें. हॉलंडांतील टॉमटॉम कंपनीनें २००४ सालीं जें यंत्र काढलें, त्यानें युरोपांत घरोघर शिरकाव केला. पुढें २००९ च्या अखेरीस गूगलनें वळणावळणास बोलून रस्ता सांगणारा नकाशा फोनवर फुकट देण्यास प्रारंभ केला, आणि या डब्यांच्या धंद्यास उतरती कळा लागली. तरीही तीं यंत्रें आजही विकलीं जातात. तीं कां, तें पुढें येईलच.

आपल्या देशाची स्वतःची अशी व्यवस्था असावी म्हणून इस्रोनें २०१३ पासून २०१६ पर्यंत सात उपग्रहांची मालिका उभी केली, व तिला नाविक असें नांव मिळालें. तिच्या पहिल्याच उपग्रहाचीं परदेशांतून आणलेलीं अणुघड्याळें बिघडलीं. २०२३ च्या मे महिन्यांत सोडलेल्या नव्या पिढीच्या उपग्रहांत प्रथमच देशांत घडविलेलें अणुघड्याळ बसविण्यांत आलें, ही समाधानाची गोष्ट आहे.

आतां मूल्यमापन. भगिनींस आलेल्या यंत्रासारखेंच एक यंत्र आम्हीं एका स्नेह्याकडून चार दिवस मागून घेतलें आणि त्याच्यासह पुण्याहून ताम्हिणी घाटानें माणगांव, तेथून चिपळूण, गुहागर, व परत येतांना कुंभार्ली घाटानें पाटण, उंब्रज असा प्रवास केला. कंपनीचें नांव मुद्दामच देत नाहीं. जे दोष आढळले ते बहुतेक सर्वांत सारखेच असतात, आणि एकट्या एकीस बोल लावणें बरें नव्हे.

पहिल्या प्रथम गुण सांगितला पाहिजे. मुळशी मागें पडल्यावर ताम्हिणीच्या जंगलांत फोनची घंटी मुकी होते, हें त्या वाटेनें गेलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. तेथें आमच्या फोनवरील नकाशा करडा पडला, आणि हें यंत्र मात्र निर्विकारपणें पुढील वळण सांगत राहिलें. त्याचा नकाशा त्याच्या पोटांतच भरलेला आहे, व उपग्रहाचा शब्द ऐकण्यास कोणत्याही कंपनीचा मनोरा लागत नाहीं. अर्थात् हाच गुण फोनलाही आणतां येतो. निघण्यापूर्वीं घरच्या इंटरनेटवर त्या भागाचा नकाशा फोनमध्यें उतरवून ठेवला, तर तोही जंगलांत चालतो. पण किती घरांत ही तयारी आठवणीनें केली जाते, तें ज्याचें त्यानें मनाशीं म्हणावें. शिवाय फोन हा अनेक धन्यांचा चाकर आहे. नेमक्या घाटाच्या वळणावर व्याह्यांचा फोन येतो व नकाशा नाहींसा होतो. कांचेमागें उन्हांत तापून तो आपोआप बंद पडतो. यंत्रास दुसरा उद्योग नाहीं. त्याची कांच मोठी, अक्षरें ठळक, आणि एकाहत्तरीच्या डोळ्यांस तीं दिसतात.

घाटांत मात्र त्याची कसोटी लागते. एका बाजूस डोंगराची भिंत उभी राहिली कीं अर्धें आकाश झांकलें जातें. ऐकूं येणारे उपग्रह कमी होतात, आणि कांहींचा आवाज कड्यावर आपटून लांबच्या वाटेनें येतो. अशा वेळीं यंत्र आपणांस रस्त्यापासून वीस-पंचवीस पावलें बाजूस नेऊन ठेवतें. शहरांत उड्डाणपुलांपाशीं वेगळाच घोटाळा. पुलावरील व पुलाखालील रस्ता नकाशांत एकावर एक पडतात, आणि गाडी वर आहे कीं खालीं हें यंत्रास नेहमींच कळतें असें नाहीं. बोगद्यांत तर त्यास कांहींच ऐकूं येत नाहीं. मागच्या वेगावरून अंदाजानें तें गाडी पुढें ढकलीत राहतें.

परंतु उपग्रहांचे हे दोष क्षुल्लक म्हणावे, असे दोष नकाशाचे आहेत, आणि आमच्या मतें सर्व परीक्षेचें सार येथें आहे. उपग्रह तुम्ही कोठें आहां एवढेंच सांगतात. तेथें रस्ता आहे किंवा नाहीं हें त्यांना ठाऊक नसतें. तें कोणी तरी माणसानें पायीं हिंडून किंवा गाडींतून फिरून लिहून ठेवलेलें असतें. १८०२ सालीं मद्रासेजवळ पायारेषा मोजून कर्नल लॅम्टन यानें हिंदुस्थानची महान त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट घेऊन मोजीत मोजीत तो वीस वर्षें वर सरकत राहिला, आणि १८२३ सालीं आपल्या वर्ध्याकडच्या हिंगणघाटास वारला. त्याची कबर तेथेंच आहे. नकाशा म्हटला कीं असे कष्ट आले. डोंगर जागचे हलत नाहींत म्हणून लॅम्टनचें काम टिकलें, रस्ते हलतात. कशेडी घाटाखालून बोगदा झाला तो अगदीं अलीकडे. आमच्याजवळच्या यंत्रांतील नकाशा त्याच्या आधींचा होता, आणि नव्या रस्त्यास लागतांच त्यानें आमची मोटार शेतांतून चालली असल्याचें दाखवून, "मागें वळा, मागें वळा" असा धोशा लावला. नवा नकाशा संगणकास यंत्र जोडून उतरवून घ्यावा लागतो. कांहीं विक्रेते "जन्मभर नकाशा फुकट" असें म्हणतात. तेथें जन्म म्हणजे यंत्राचा किंवा कंपनीच्या इच्छेचा, घेणाऱ्याचा नव्हे, हें बारीक अक्षरांत छापलेलें असतें. चिरंजिवांस लिहून यंत्रांत भारताचा, व तोही यंदाचा, नकाशा आहे कीं नाहीं हें भगिनींनीं आधीं विचारावें. परदेशांत विकल्या जाणाऱ्या यंत्रांत पुष्कळदां त्याच देशाचा नकाशा असतो, आणि मग तें पुण्यांत निळ्या पोकळींतील एका बाणापलीकडे कांहींच दाखवीत नाहीं.

नकाशास पावसाळाही ठाऊक नसतो. भोरहून महाडास उतरणारा वरंधा घाट अलीकडे पावसाळ्यांत दरडींच्या भीतीनें वाहतुकीस बंद ठेवण्याचे हुकूम निघत आले आहेत. आमच्या यंत्रानें तीच वाट सर्वांत जवळची म्हणून सुचविली. गुहागराहून दापोलीस जाण्याचा रस्ता रात्रीं अकरा वाजतां विचारला, तेव्हां त्यानें धोपाव्यापर्यंत नेऊन खाडीवर एक तुटक रेघ काढली व पलीकडे दाभोळास उतरविलें. ती रेघ म्हणजे मोटारी नेणारी फेरीबोट होय, आणि बोटवाले त्या वेळीं घरीं झोंपलेले असतात. येथें फक्त हंसूं आलें. सर्वत्र तसें होत नाहीं. २०२१ च्या जानेवारींत पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक मोटार फोनमधील नकाशाच्या आधारानें जातां जातां, अकोलें तालुक्यांत कोतुळाजवळ धरणाच्या पाण्याखालीं गेलेल्या पुलाच्या रस्त्यावर मध्यरात्रीं शिरली. दोघे बाहेर पडले. चालविणारा तरुण बुडाला. २०२४ च्या नोव्हेंबरांत उत्तर प्रदेशांत बरेलीजवळ रामगंगेवरील एका तुटक्या पुलावरून मोटार खालीं पडून तिघे दगावले; नकाशांत तो पूल अखंड होता, असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. दोन्ही ठिकाणीं उपग्रहांचें कांहीं चुकलें नव्हतें. मोटार नेमकी कोठें आहे हें त्यांनीं शेवटपर्यंत बिनचूक सांगितलें असेल.

नांवांचा घोळ हा आपल्याकडील खास प्रकार आहे, आणि येथें भगिनींच्या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. २००९ सालीं इटलींत काप्री बेटाकडे निघालेलें एक स्वीडिश जोडपें, अक्षरांची अदलाबदल होऊन, कार्पी नांवाच्या उत्तरेकडील गांवीं पोंचलें व बेट कोठें म्हणून तेथील कचेरींत विचारूं लागलें, असें वृत्त आलें होतें. जगभर त्याची थट्टा झाली. आपण मात्र थट्टा करूं नये. या यंत्रांत गांवाचें नांव बहुधा रोमन लिपींत लिहावें लागतें, आणि त्या लिपींत महाड व महड हीं एकच होतात. एक चवदार तळ्याचें महाड, दुसरें वरदविनायकाचें महड; दोन्ही रायगड जिल्ह्यांत, आणि रस्ते मात्र भिन्न. कोयनेच्या वाटेवरील पाटण विचारलें तर यंत्रानें प्रथम गुजरातेंतील पाटण काढून दिलें. बुद्रुक आणि खुर्द यांचें नातें तर त्यास मुळींच उमगत नाहीं, पाट्यांवरील "बु." व "खु." यांचीं त्याच्याजवळ दोन-दोन रोमन अक्षरें आहेत, व तीं तें इंग्रजी अक्षरें वाचावीं तसें म्हणून दाखवितें. पुणें शहरांतील पत्त्यांविषयीं न बोलणेंच बरें. "खुन्या मुरलीधराच्या अलीकडच्या बोळांत, पासोड्या विठोबाकडून आलें तर उजव्या हातास" हा पत्ता आपणांस घराच्या क्रमांकापेक्षां स्पष्ट वाटतो. यंत्रास त्यांतील एकाही शब्दाचा बोध होत नाहीं.

तेव्हां दोन महाडांतून खरें निवडणें, बोट चालूं आहे कीं नाहीं तें पानाच्या दुकानीं उतरून विचारणें, "मागें वळा" हा धोशा कोठें मानावयाचा व कोठें कानाआड करावयाचा तें ठरविणें, हें काम शेजारीं बसणाऱ्या माणसाचेंच आहे. दगड वाचणें त्या मानानें सोपें होतें. यंत्र चालविणाऱ्यानें हाताळूं नये हा तर साधा सुरक्षिततेचा नियम. २०२० सालीं मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानें हातांतील उपकरण चालवितांना केवळ रस्ता पाहण्यासाठीं, आणि तेंही चालकाचें लक्ष विचलित होणार नाहीं अशा रीतीनेंच, वापरण्यास मुभा ठेविली आहे. आमचा सल्ला असा कीं, यंत्र कांचेच्या मध्यावर, अगदीं खालच्या कडेस बसवावें. त्यास शिवावें तें भगिनींनींच, आणि यजमानांनीं नुसतें ऐकावें. आवाज हिंदी ठेवतां येतो. आमच्या यंत्रांत मराठी नव्हता.

आतां ताजा कलम. लिहितांना भगिनींनीं तो सहज लिहिला असेल, किंवा सहज लिहावयाचा म्हणूनच शेवटीं ठेवला असेल. आम्ही वैद्य नव्हों. तरीही तो वाचून न वाचल्यासारखें करणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

लंडनच्या टॅक्सीवाल्यांस परवाना मिळण्यापूर्वीं चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आंतील सुमारें २५,००० रस्ते पाठ करावे लागतात. त्यांच्या मेंदूचीं चित्रें घेऊन एलेनॉर मॅग्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००० सालीं असें दाखविलें कीं, स्थळांची आठवण ठेवणारा मेंदूंतील जो भाग, ज्यास हिपोकॅम्पस म्हणतात, त्याची मागची बाजू इतरांपेक्षां या लोकांत मोठी असते. रस्ता ओळखणें ही निव्वळ डोळ्यांची गोष्ट नाहीं. त्यासाठीं डोक्यांत जागा आहे. आणि म्हातारपणच्या विस्मृतीचा जो गंभीर विकार, त्यांत अगदीं आरंभीं ज्या भागांस झळ लागते त्यांत हा एक आहे. ओळखीच्या रस्त्यावर वाट हरवणें हें त्या विकाराच्या पूर्वचिन्हांत डॉक्टर गणतात.

याचा अर्थ यजमानांस तसें कांहीं झालें आहे, असा मुळींच नाहीं. बोलण्याच्या नादांत फांटा कोणाचाही सुटतो. रात्रीं चुकला असता, तर आम्ही मोतीबिंदूची शंका घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठविलें असतें व प्रकरण मिटविलें असतें. परंतु फांटा सुटणें ही एक गोष्ट, आणि ज्या रस्त्यानें वर्षानुवर्षें गेलों तो निराळा दिसत असतांना, मल्हारपेठ, पाटण हीं गांवें लागत नसतांना, कऱ्हाडापर्यंत चुकल्याचा संशयही न येणें ही दुसरी. भगिनींनीं स्वतःच्या मनाशीं कांहीं प्रश्न विचारून पाहावे. तसें आणखी कोठें झालें आहे काय? मंडईंतून घरीं येण्यास उशीर लागूं लागला आहे काय? बँकेचे हिशेब, जे पूर्वीं तोंडीं होत, ते टाळले जातात काय? उत्तर "होय" असें आलें, तर नवरात्राची वाट न पाहतां त्यांना डॉक्टरांकडे न्यावें. विस्मृतीचीं कारणें अनेक असतात. थायरॉइडचा दोष, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, झोंपेचीं औषधें, ऐकूं कमी येणें, यांतील कांहीं सहज बरीं होण्याजोगीं आहेत. आणि भीति खरी ठरली तरी ती लवकर कळलेली बरी.

म्हणूनच या यंत्रासंबंधीं आमची मोठी हरकत आहे ती अशी कीं, तें चुका झांकतें. जो मनुष्य वाट विसरूं लागला आहे तो त्याच्या आधारानें वर्ष-दोन वर्षें बिनबोभाट गाडी हांकील, आणि घरांत कोणास कळणार नाहीं. एखाद्या दिवशीं वरंध्याच्या तोंडाशीं यंत्र चुकेल. त्या दिवशीं तें चुकलें आहे हें ओळखणारें डोकें जाग्यावर असावें लागतें. जो रस्ता स्वतःस येतो त्या रस्त्यावर यंत्र सोबतीस घेणें निर्धोक. येत नाहीं त्यावर जपून. आणि येत असून येईनासा झाला असेल, तर तें मुळींच नको.

हें यजमानांस सांगावयाचें कसें, हें आम्ही कोण शिकविणार? तरी एक सुचवितों. नवरात्रापूर्वीं एखाद्या रविवारीं यंत्र घरीं ठेवून दोघांनींच उंब्रजपर्यंत जाऊन यावें. भगिनींनीं त्या दिवशीं एकही दगड मोठ्यानें वाचूं नये. फांटा आपोआप घेतला गेला, तर चिंता तेथेंच सोडून द्यावी. न घेतला गेला, तर तंटा न करतां चहा घेऊन परत यावें, चिरंजिवांस फोन करावा, आणि यंदा गुहागरास एखादा चालक ठरवून जावें. चालक ठेवणें यांत कमीपणा कांहीं नाहीं. मागच्या आसनावर दोघांस एकत्र बसतां येतें, हें चाळीस वर्षांत प्रथमच घडेल.

राहिली रात्रीं घाट उतरण्याची गोष्ट. यंत्र असो, फोन असो, कीं चालक असो, आमचें उत्तर नाहीं हेंच आहे. समोरून येणाऱ्या मालमोटारींच्या दिव्यांवर या डब्याजवळ कांहीं उपाय नाहीं. शिवाय रात्रीं त्याची कांच प्रखर ठेवली तर तिनेंच डोळे दिपतात. तीस रात्रीचा काळा रंग देण्याची सोय असते, ती वापरावी. यंत्राची स्वतःची वीज जेमतेम तासभर पुरते, म्हणून त्याची तार गाडींतील सिगारेट पेटविण्याच्या खांचेंत जोडूनच ठेवावी. देवळाजवळ गाडी उन्हांत उभी करतांना मात्र यंत्र आंत ठेवूं नये. आंतील बॅटरी उष्णतेनें फुगते, आणि रबरी वाटी कांचेवरून सुटून खालीं पडते. ती पुन्हा चिकटत नसेल, तर कोमट पाण्यानें धुवून, कोरडी करून दाबावी.

सकाळीं सहाला पुणें सोडलें, तर कुंभार्ली घाट उजेडांत उतरून दुपारच्या जेवणास चिपळूणांत पोंचतां येतें, आणि तेथून गुहागर सुमारें पंचेचाळीस किलोमीटर आहे. यंत्र न्यावयाचें ठरलें, तर आदल्या दिवशीं तें वाड्याच्या अंगणांत, अंगण राहिलें नसेल तर गच्चीवर, वीस मिनिटें ठेवावें.